लोणार: विवराच्या तळाशी एक पूर्ण फेरी

पहिला दिवस

लोणारला आलेला माणूस बहुधा कड्यावर उभा राहून तळं पाहतो, फोटो काढतो आणि अंगात उत्साह असेल तर गोमुखाजवळच्या पायऱ्यांनी उतरून कमळजा देवीपर्यंत जाऊन येतो. तिथून पुढे, पश्चिमेकडच्या काठाने जाणारी वाट झाडीत जवळजवळ मोडून गेली आहे. आम्हाला तीच चालायची होती. विवराच्या तळाशी, पाण्याच्या कडेकडेने, जिथून निघालो तिथेच परत येईपर्यंत.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. तो भूगोल शिकवतो आणि माझ्याहून बराच मोठा आहे, म्हणून मला तो दादा. दिवाळीनंतरचे दिवस त्यानेच ठरवले. तेव्हा झरे वाहते असतात, गवत पिवळं पडून खाली बसू लागतं, उन्हाचा कडाका नसतो आणि थंडीचे पाहुणे पक्षी यायला सुरुवात झालेली असते.

दुपारी पोचलो ते थेट वन विभागाच्या चौकीवर. २००० साली हा परिसर अभयारण्य झाला, त्यामुळे आत मनाला येईल तसं भटकता येत नाही. मला ते बरंच वाटतं. पूर्ण फेरीचं नाव काढल्यावर आधी पाण्याची पातळी कुठवर आहे याची चौकशी झाली, मग सोबत वाटाड्या असलाच पाहिजे असं ठरलं. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ तयार झाले. लहानपणी याच उतारावर त्यांनी गुरं चारली होती. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो, ते दादाला ‘सर’ आणि मला ‘भाऊ’.

संध्याकाळ हाताशी होती म्हणून गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहिलं. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहायचा, विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, तेच हे विवर, अशी इथली कथा. एक प्रचंड आघात, उडालेलं झाकण आणि मागे उरलेला खारटपणा, एवढं सगळं त्या कथेत आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचं तोंड मानलं जात होतं. १९७० च्या दशकात विवराच्या तळात छिद्रं घेऊन वर काढलेल्या खडकांत मास्केलिनाइट सापडलं. हे एक प्रकारचं काचेसारखं द्रव्य. फेल्डस्पार खनिजाला जबरदस्त धक्का बसला तरच ते तयार होतं, ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. उल्केचा आघात इथे झाला होता हे त्यावरून नक्की झालं.

सूर्य कलताना कड्यावर गेलो. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तळ्याचा सुमारे १.२, आणि कड्यापासून तळापर्यंत १३७ मीटरच्या आसपास खोली. हे आकडे मी अनेकदा वाचले होते. पण त्या संध्याकाळी माझं लक्ष रंगांच्या कड्यांवर खिळलं. मधोमध गढूळ हिरवं पाणी. त्याभोवती मातकट पांढुरका पट्टा, कुठे रुंद, कुठे नाहीसा झालेला. त्याला लागून एकसारखा, फिकट हिरवा, बुटका झाडोरा. त्याच्या वर गडद हिरवं, उंच-सखल जंगल, आणि शेवटी आमच्या पायापर्यंत चढत आलेला पिवळ्या गवताचा, सागाचा उतार. या कड्या एवढ्या स्वच्छ वेगळ्या का, असं विचारल्यावर दादा म्हणाला, “उद्या प्रत्येकीतून चालणार आहेस. बघ काय कळतं ते.”

दुसरा दिवस

उजाडताच गोमुखापाशी होतो. ईशान्येकडच्या कड्याखाली ही धार बारा महिने वाहते. पहाटेपासून तिथे आंघोळीला आलेली माणसं होती. पाणी गार आणि गोडं.

दादाने खिशातून एक छोटी डबी काढली. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागदाचे तुकडे होते त्यात. हळदीला क्षार लागला की ती लालसर होते, हे घरोघरी ठाऊक असतं. त्याने एक तुकडा धारेत धरला. पिवळाच राहिला. “हा जपून ठेव,” म्हणाला, “दिवसभर याच्याशी ताडून पाहायचंय.”

पायऱ्या उतरताना उजेड अजून कोवळा होता आणि पूर्वेकडची भिंत सावलीत होती. धारेचं पाणी ज्या घळीतून खाली धावतं, त्या घळीत खडक उघडे पडले आहेत. हा दख्खनचा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. महाराष्ट्रात कुठल्याही घाटात असे थर आडवे असतात, डोळ्यांना त्याची सवय असते. इथे कड्याच्या माथ्याजवळ ते आडवे नाहीत. विवरापासून बाहेरच्या बाजूला कलले आहेत. आघाताने आतला खडक उसळला आणि कडेचे थर बाहेर दुमडले गेले. दादा तिथे बराच वेळ थांबला. शाळेतल्या मुलांना हा कल फळ्यावर काढून दाखवतो म्हणे, पण खडकाला हात लावून दाखवण्याची गोष्टच वेगळी. विवराचं वय मात्र अजून वादाचं आहे. आधीच्या मोजणीत ते ५० हजार वर्षांच्या आसपास येत होतं, २०१० च्या सुमारास, खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीने केलेल्या मोजणीत ५ लाख ७० हजार वर्षं आलं.

खाली, घळीच्या तोंडाशी, वाहून आलेल्या मातीचा पंखा पसरला आहे. इथे पूर्वी शेती व्हायची. आता चिंच, करंज, उंबर यांची दाट सावली आहे, आणि ओलसर दगडांना हंसराजाची नेची चिकटलेली. कड्यावरून दिसलेली गडद हिरवी कडी ती हीच. झऱ्यांचं गोडं पाणी जिथवर जमिनीत मुरतं तिथवरच ती आहे. वानरांची एक टोळी चिंचेवर बसली होती. आम्हाला पाहून कुणी हललं नाही.

रामगयेचं देऊळ मागे पडलं आणि वाट पाण्याकडे वळली. दगडी देवळं इथे झाडीत मधूनमधून भेटत राहतात. काहींत वटवाघळांचा वास कोंडलेला, काहींच्या छतावर झाडं उगवलेली. शंकर-गणेशाच्या देवळाच्या पायाशी तळ्याचं पाणी पोचलेलं होतं. कोरीव दगडावर पांढऱ्या क्षाराची रेघ पाण्याची जुनी पातळी दाखवत होती. बांधणारांनी देऊळ पाण्यात बांधलेलं नसणार. पाऊसमानाप्रमाणे हे तळं वर-खाली होत असतं, आणि देवळांनी ते सगळं सोसलं आहे.

काठाशी दादाने दुसरा तुकडा बुडवला. क्षणात विटकरी लाल. या पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-क्षारपणाचं माप; सातच्या वर क्षार) साडेनऊ ते साडेदहाच्या घरात असतो, समुद्राचा आठच्या किंचित वर. तळ्याला झरे येऊन मिळतात, पण बाहेर जायला वाट नाही. खडक झिजून सुटलेलं सोडियम पाण्यासोबत आत येतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार मागे साठतात. इतकी साधी गोष्ट, पण हजारो वर्षं चालू राहिलेली. ‘ऐन-ए-अकबरी’तही या जागेच्या क्षाराचा उल्लेख आहे. साबण आणि काच करायला तो नेला जायचा. मी बोटं बुडवून एकमेकांवर घासली. साबण लागल्यासारखी बुळबुळीत झाली आणि मग बराच वेळ कोरडी पडून ताणत राहिली.

कमळजा देवीच्या देवळापर्यंत वाट सोपी, मळलेली. देवळात थोडं टेकलो. इथे यात्रा भरते तेव्हा हा काठ माणसांनी भरून जातो, असं काका सांगत होते. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हाची हकीकतही त्यांनी सांगितली. लोक घाबरले, कुणी शुभ म्हणालं, कुणी अशुभ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कारण कळलं. पाणी आटून खारटपणा वाढला की हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावतात आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग ओसरला. एरवी इथला हिरवा रंग निळ्या-हिरव्या शैवालाचा. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं.

देवळामागून काकांनी कोयती काढली.

“भाऊ, आता काठी हातात ठेवा. पाय पाहून टाका. गाळ वरून वाळलेला दिसते, आतून ओलाच राह्यते.”

पहिल्या पन्नास पावलांतच कळलं की डोळ्यांना वाट दिसण्याचा प्रश्नच नाही. काका वाट आठवत चालले होते. कुसळी गवत छातीपर्यंत, त्यात घाणेरीची जाळी, आणि त्यांच्यावरून वेलींनी ओढलेलं छप्पर. एके ठिकाणी खाजकुइलीच्या शेंगा तोंडासमोर लोंबत होत्या. काकांनी काठीने त्या बाजूला धरल्या, आम्ही श्वास रोखून वाकून गेलो. झाडांमधल्या प्रत्येक फटीत कोळ्याचं जाळं. पुढचा माणूस जाळं तोडत जातो म्हणून मागच्याला वाट मिळते, आणि दिवसभर तोंडावरचे धागे पुसण्याचं काम काकांच्या वाट्याला आलं. मी पुढे व्हायला निघालो तर त्यांनी होऊ दिलं नाही.

“आमच्या लहानपणी इथं चांगला रस्ता होता,” ते चालता चालता म्हणाले. “ढोरं रोज यायची. ढोरं बंद झाली आन् रस्ता झाडीनं खाल्ला.”

मला हे ऐकून वाईट वाटलं नाही. चराई थांबली म्हणून तर खालच्या जंगलाला रोपं धरता आली. पायाखाली पाहिलं तर सीताफळाची, बोराची, कडुनिंबाची पोरं गवतातून वर येत होती. वाट बुजणं हे इथे काही अंशी जंगल बरं होत असल्याचं लक्षण आहे, आणि चालणाऱ्याला त्याचा त्रास होत असेल तर तो सोसावा.

पण पाण्याच्या आणखी जवळ सरकलो आणि सगळंच बदललं. सीताफळ संपलं, कडुनिंब संपला, पक्ष्यांचे आवाजही विरळ झाले. चहूकडे एकच झाड, वेडी बाभूळ. कड्यावरून दिसलेली ती फिकट, एकसारखी कडी. फांद्या जमिनीपासून फुटलेल्या, एकीत एक अडकलेल्या, आणि काटे असे की जाड कापडही थांबवू शकत नाही. खाली जमीन उघडी, गवताची काडीही नाही. अमेरिका खंडातलं हे झाड एकोणिसाव्या शतकात भारतात आणलं गेलं, सरपणासाठी आणि उजाड जमीन झाकण्यासाठी. त्याला खारी, क्षारयुक्त माती चालते. देशी झाडं जिथे थांबतात, तिथून पुढे ते पाण्यापर्यंत जाऊन पोचतं. मुळं खोल जातात आणि तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं.

दादाने मातीतल्या एका ओल्या खड्ड्यात कागद दाबला. पिवळा, पण कडा तांबूस. पाच पावलं पाण्याकडे जाऊन पुन्हा दाबला. लाल. मागे वळून पाहिलं तर जिथे कडा तांबूस झाल्या होत्या, साधारण तिथेच शेवटचा कडुनिंब उभा होता. जमिनीत कुठवर गोडं पाणी आहे आणि कुठून खारं सुरू होतं याची रेघ झाडांनीच आखून ठेवली होती. काल कड्यावरून पाहिलेल्या रंगांचा अर्थ मला तिथे, काट्यांत उभ्याने, लागला. आम्ही मग तो खेळच करून टाकला. पुढच्या दोन तासांत प्रत्येक ओढ्याशी, प्रत्येक ओलाव्याशी तुकडा धरायचा आणि आजूबाजूला कोणतं झाड आहे ते बोलायचं. उंबर किंवा करंज दिसला की पिवळा. नुसती बाभूळ दिसली की लाल. दोन-तीन ठिकाणी अंदाज चुकला, एरवी झाडं खरं सांगत होती.

तरीही वेड्या बाभळीचा मला मनापासून राग येतो, तिच्याखाली गवताची काडीही उगवत नाही. वन विभागाने ती उपटायचं काम हाती घेतलं आहे आणि काही पट्टे मोकळेही झालेत. जिथे मुळासकट निघाली तिथे गवत परतलं आहे. जिथे नुसती तोडली तिथे एकेका बुंध्यातून दहा-दहा फुटवे आले आहेत, आधीपेक्षा दाट. अर्धवट केलेलं हे काम वाया जातं, हे तिथे उभं राहून पाहिल्यावर कुणालाही पटेल.

पश्चिमेच्या काठावर बाभळीचं एक अख्खं बन पाण्यात मेलेलं होतं. कोरड्या वर्षांत तळं आक्रसलं तेव्हा झाडं पुढे सरकली, मग चांगले पावसाळे आले, पाणी परत चढलं आणि त्यांना बुडवून गेलं. पांढरी पडलेली खोडं, त्यांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. पलीकडच्या उथळ पाण्यात शेकाट्या लांब लाल पायांवर चालत होत्या, टिबुकल्या बुड्या मारत होत्या, आणि जरा दूर चक्रवाकांची जोडी. दुर्बीण हातातून सुटेना. काका मात्र जमीन पाहत होते. ओल्या चिखलात पंज्याचा ठसा होता, माझ्या तळव्याएवढा रुंद, नखांशिवाय.

“रातचा गेलेला आहे,” ते शांतपणे म्हणाले. “आपला आवाज ऐकला की तो आधीच सरकते. बोलत चला.”

आम्ही बोलत निघालो. दादाने विद्यार्थ्यांना शिकवावं तसं मोठ्याने सांगायला सुरुवात केली. बेसॉल्टमध्ये आघाताने झालेली विवरं जगात मोजकीच आहेत, चंद्राचा आणि मंगळाचा पृष्ठभागही पुष्कळसा बेसॉल्टचा, म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथले खडक अभ्यासतात. जाळीतून वाकून चालताना, बिबट्याच्या ठशांशेजारून, मंगळाबद्दल ऐकत होतो. त्या अर्ध्या तासात मला थकवा असा जाणवलाच नाही.

एका जागी काठाने जाणं अशक्य झालं. पाणी थेट झाडीत शिरलेलं होतं. काकांनी वर चढायचं ठरवलं. सैल दगडांचा उतार, हाताला धरायला सागाची कोवळी खोडं. दगड सुटला की खालच्याने बाजूला व्हायचं, एवढं ठरवून एकेक करून चढलो. वर एक आडवी पाऊलवाट लागली. ती माणसांची नव्हती, रानडुकरांनी उकरलेल्या मातीवरून ते स्पष्ट होत होतं. पण चालायला तीच सर्वांत उत्तम वाट निघाली. जनावरं चढ-उतार वाचवत चालतात, काकांनी सांगितलं, त्यांच्या मागे गेलं तर दम कमी लागतो. त्या उंचीवरून पाण्यावर हिरव्या सायीचे लांब पट्टे दिसत होते, वाऱ्याने एका काठाला लोटलेले. सागाच्या पानांत स्वर्गीय नर्तकाचा नर क्षणभर दिसला, पांढरी लांब शेपटी हलवत, आणि गेला.

उत्तरेकडे उतरलो तेव्हा दुपार कलली होती. इथला पट्टा रुंद आणि उघडा. वाळलेल्या चिखलाला भेगा आणि भेगांवर पांढरं खारं पापुद्र्याचं आवरण. पूर्वी इथून वेगवेगळ्या प्रतीचे क्षार काढून विकले जात. चढ नव्हता, काटे नव्हते, तरी ते अंतर सर्वांत जड गेलं. सावली नाही आणि तळ्याचा उग्र, गंधकासारखा दर्प थेट नाकात. चार शब्दही न बोलता तो तुकडा संपवला.

मग पुन्हा करंजाची सावली, पुन्हा ओलसर दगड, आणि पाण्याचा आवाज. धारेच्या ओढ्याशी आलो होतो. वर्तुळ पुरं झालं. काठाचा घेर हिशेबाने चार किलोमीटरच्या आत-बाहेर, आम्हाला दिवस लागला होता. ओढ्यात तोंड धुतलं, मोज्यांतली कुसळं काढत बसलो. काकांच्या दंडावर काट्यांचे लांब ओरखडे होते. दादाने डबीतलं मलम लावायला घेतलं, तर म्हणाले, “राहू द्या सर, हे रोजचंच आहे.” दादाने तरी लावलंच.

तिसरा दिवस

सकाळी पाय भरून आले होते, तरी अंबर तळं पाहिल्याशिवाय निघायचं नव्हतं. मोठ्या विवरापासून उत्तरेला सुमारे ७०० मीटरवर ही लहानशी खोलगट जागा आहे, व्यास ३०० मीटरच्या आसपास. मूळ उल्केचा तुटलेला तुकडा इथे पडला असावा असं काही संशोधक मानतात, इतरांना ते मान्य नाही. नकाशा हातात नसेल तर हे तळं नजरेतून सहज सुटेल, इतकं साधं दिसतं. दादा काठाला फिरून थर कललेले दिसतात का ते शोधत राहिला. त्याला ठाम उत्तर मिळालं नाही, पण हळदीचा कागद इथे कुठेच लाल झाला नाही, हे त्याने वहीत लिहून घेतलं.

परतण्यापूर्वी चौकीवर जाऊन आम्ही ज्या दोन जागी वाट पाण्याखाली होती त्या सांगितल्या, आणि फुटवे आलेल्या बाभळींची जागाही. तिथल्या कर्मचाऱ्याने नकाशावर खुणा करून घेतल्या. पश्चिमेची वाट रुंद करावी, फरसबंदी करावी अशी मागणी अधूनमधून होते, असं बोलण्यात आलं. ती तशी होऊ नये असं मला ठामपणे वाटतं. बाभूळ मुळासकट काढावी, तिच्या जागी गवत आपसूक परतू द्यावं, आणि वाट एका माणसाच्या रुंदीची, वाटाड्यासोबतच चालायची अशीच ठेवावी.

कुणाला ही फेरी करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात उतार निसरडे असतात आणि उन्हाळ्यात उत्तरेचा उघडा पट्टा सोसवत नाही. अंगभर जाड कपडे, घोटा झाकणारे बूट, काठी आणि भरपूर पाणी हवं, कारण पश्चिमेकडच्या झऱ्यांचा भरवसा धरता येत नाही. उजाडताच निघावं. खडकाचा तुकडा उचलून आणू नये, हे राष्ट्रीय भूवारसा स्मारक आहे. आणि पाण्याची पातळी दरवर्षी वेगळी असते, म्हणून आदल्या दिवशी चौकीवर विचारून, वाटाड्या ठरवूनच कमळजेच्या पुढे जावं.